पुढे गेलेल्या बायका

मेलेल्या बाईला कुशीवर कसं वळवायचं, हे पोलीस खात्याने मला शिकवलेलं पहिलं काम. पुरुषाचं प्रेत असेल तर कोणीही हवालदार वळवतो. बाईचं असेल तर बाईच लागते, आणि आमच्या ठाण्यात ती बाई मी. त्यामुळे नाशिकच्या कडेकडेने, मळ्यांत, वस्त्यांवर, कोणी विहिरीत सापडलेली, कोणी भाजलेली, कोणी नुसतीच झोपेत गेलेली, अशा कितीतरी बायकांना मी शेवटचं कुशीवर केलं आहे. त्यांतल्या बऱ्याच जणींना जिवंतपणी कोणी एवढ्या हलक्या हाताने वळवलं नसेल.

माझी नात मैत्रिणींना सांगते की आमची आजी डिटेक्टिव्ह होती. मी नाही म्हणत नाही. गुन्हे शोध पथकात, ज्याला आम्ही डीबी म्हणतो, मी पुष्कळ वर्षं काढली. त्यात शोध कमी आणि चहाच्या टपरीवर ताटकळणं जास्त, हे नातीला कशाला सांगा.

लोकांना वाटतं, खुनाचा तपास अवघड. तो त्या मानाने सोपा, कारण खून झाला आहे हे सगळ्यांना मान्य असतं. अवघड असतं ते घरातलं, अंथरुणातलं मरण, ज्याला डॉक्टरने 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहून दिलेलं असतं. आता हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाही? पण तेवढं लिहिलं की माणसं तिरडीच्या मागे लागतात. असं मरण आमच्यापर्यंत येतच नाही. कोणाला तरी शंका यावी लागते, ती त्याने तोंडाने बोलावी लागते, मग आम्ही जातो, दोन पंचांसमोर प्रेत बघतो, जे दिसलं ते लिहितो. काही खटकलं तर शवविच्छेदन. नाही खटकलं तर अग्नी, आणि अग्नीनंतर आमच्या हातात राख. म्हणजे सगळा भार पहिल्यांदा बघणाऱ्यावर. एका प्रकरणात पहिल्यांदा बघणारी मी होते. त्याबद्दलच लिहिणार आहे. नावं बदलली आहेत. एकीची तशी अटच होती.

तेव्हाच्या माझं वर्णन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चाळिशीच्या अलीकडची, डीबीत नुकतीच आलेली, काळा चष्मा, आणि खिशात भिंग. होय, भिंग. शाळकरी मुलं तिकिटं बघायला घेतात तसलं, प्लॅस्टिकच्या लाल दांड्याचं. पहिल्याच महिन्यात नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका लॉजवर एक वयस्कर प्रवासी खोलीत मेलेले सापडले. मॅनेजर म्हणाला, अटॅक. मी ताटातल्या वरणाचा वास घेतला, भिंगातून सांडलेलं शीत न्याहाळलं आणि लॉजच्या आचाऱ्याला ठाण्यात आणून बसवलं. दीड दिवस. अहवाल आला, अटॅक. आचारी जाताना शांतपणे म्हणाला, "मॅडम, वरणात मीठ जास्त होतं, एवढं कबूल आहे."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, माणसं अधूनमधून आपली आपणही मरतात. त्यांना मरू देत चला."

पुढे कित्येक दिवस मी डबा उघडला की कोणीतरी विचारायचं, वरण तपासलंत का. मी मनाशी ठरवून टाकलं, आता ऊठसूट संशय घ्यायचा नाही. माणुसकीने वागायचं. पुढची चूक या ठरवण्यातून झाली.

शहराबाहेर गंगापूरच्या अंगाला एक वस्ती आहे. सगळे फुलवाले. शेवंती, झेंडू, निशिगंध. या लोकांचं घड्याळ आपल्याहून वेगळं चालतं. उजाडायच्या आधी माल बाजारात, अकरापर्यंत घरी, जेवण, आणि मग दुपारी अख्खी वस्ती झोपते. दुपारी दोनला तिथे गेलात तर विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. कुत्रीसुद्धा गप्प. घराघरांत दुसऱ्या दिवसासाठी तोडलेली फुलं ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली असतात आणि त्यांचा थंड, किंचित कुजका वास खोल्यांमधून हिंडत असतो.

त्या वस्तीवरची कमलताई एका दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. वय पन्नासच्या आसपास. तिच्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर, वाचा गेलेली, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलेलं. तो त्याच खोलीत खाटेवर. गावातल्या डॉक्टरने कमलताईला बघितलं आणि सांगितलं, जागरणं, काळजी, हृदय थांबलं. कोणालाच नवल वाटलं नाही. फक्त तिचा भाऊ नांदगावहून आला आणि त्याने ठाण्यात फोन केला. माझी बहीण परवापर्यंत फुलांची क्रेट उचलत होती, तिला काय झालं, असं विचारत होता.

"बघून या," साहेब मला म्हणाले. "वरणाला हात लावू नका."

मी पोचले तेव्हा प्रेताला अंघोळ घालून झालेली होती. तिथेच मी सगळं थांबवायला हवं होतं. पण बायकांचा कालवा चाललेला. "नशीब काढलं कमळीनं. मालकाच्या पुढं गेली." "भरल्या कपाळानं गेली." नवरा जिवंत असताना बाई गेली की तिला नवरीसारखं नटवतात, हे वाचकांना माहीत आहे. हिरवं लुगडं, हळद, कपाळभर मळवट, ओटी, तोंडात विडा. हे करायचं सवाष्णींनी, आणि त्या वस्तीच्या रीतीप्रमाणे पाच जणींनी. तिथे चारच होत्या. पाचवीला अडचण आलेली.

"बाई, तुम्ही सवाष्ण ना?"

आवाज दारातून आला. उंबऱ्याबाहेर एक वयस्कर बाई बसली होती. धुवट फिकं लुगडं, मोकळं कपाळ, मांडीवर हात. ही हौसामावशी. वस्तीवर कोणाच्याही घरी आजारी माणूस असलं की ही जाऊन बसायची, त्याला पेज भरवायची, घरच्या बाईला म्हणायची, तू घटकाभर पड. विधवा असल्यामुळे आत येऊन कमलताईला हात लावायचा नाही म्हणून ती बाहेर.

"मग या की," ती म्हणाली. "पोलीस असल्या म्हणून काय झालं?"

मला काय वाटलं ते सांगते. मला फार छान वाटलं. टोपी काढली, पट्टा काढला, भिंतीशी नीट ठेवला. आधी कर्तव्य म्हणून प्रेत कुशीवर केलं, पाठ बघितली, मान बघितली, हात बघितले. काही नव्हतं. मग बसले हळद लावायला. गाल, हनुवटी, गळा. मावशी उंबऱ्याबाहेरून सांगत होती आणि माझी बोटं चालत होती. "हनुवटीला अजून लावा. कुंकू नाकावर सांडू द्या, तसंच असतंय. आता विडा घ्या. कुटलेला हे. नुसता ठेवू नका, पडंल. आत सारा. वरच्या ओठाच्या आत. अजून. हां."

वरच्या ओठाच्या आत माझ्या बोटाला काहीतरी लागलं. मऊ, दुभंगलेलं, फाटलेल्या साईसारखं. मनात म्हटलं, दाताचं काही दुखणं असेल. वर विडा दाबून बसवला. लाल रस ओठांवर आला आणि चेहरा इतका सुरेख दिसायला लागला की बायका रडायच्या थांबल्या.

खाटेवरून कमलताईचा नवरा बघत होता. बायकोकडे नाही. त्याची नजर आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून दाराकडे लागलेली, आणि पापणी लवत नव्हती. मला वाटलं, त्याला बिचाऱ्याला बायकोकडे बघवत नसेल.

मग आम्ही पाचही जणी कमलताईच्या पाया पडलो. मी गणवेशात.

बाहेर भाऊ रिकाम्या क्रेटवर बसला होता. म्हणाला, "मी लेखी देतो. फाडून बघा."

मी त्याच्याजवळ बसले. आवाज मऊ केला. हा आवाज मी नंतर कोणासाठीच काढू शकले नाही. "दादा, असं मरण पुण्याई असेल तर येतं. चिरफाड करून काय मिळणार?"

"तुम्ही नीट बघितलं ना?"

"मी स्वतः बघितलं."

त्याने हात जोडले. मी कागदावर लिहिलं, अंगावर जखमेची खूण नाही. खाली सही केली. तेव्हा सहीच्या शेवटी मी एक झोकदार वळण काढायची, त्याला आमचे हे 'नागोबा' म्हणत. कमलताईचा नवरा चौथ्या दिवशी गेला. वस्तीवर म्हणाले, बघा, चार दिवस. चार दिवस आधी गेली. केवढं नशीब.

त्या वस्तीवरची सरूबाई फुलबाजारात बसायची. माझी फुलं कायम तिच्याकडची. जिभेला हाड नाही, पण हात सढळ. तिचा नवरा रामदास, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, डायलिसिस झेपेना म्हणून घरी आणून ठेवलेला. काही महिन्यांनी, सकाळी फुलं घ्यायला गेले तर ती गजरा करता करता म्हणाली, "बाई, आमच्याकडं सध्या उलटाच कारभार चालू हे. खाटंवर बाप्ये, आन जातात बाया."

"म्हणजे?"

"कमळीचं तुम्हाला ठावं हे. मंग बायजाक्का. तिच्या मालकाला लकवा झालेला. ती गेली, आठवड्यानं तो. आता मागल्या पंधरवड्यात चंपाबाई. तिचंबी तसंच. दुपारची पडली ती पडली. लय नशीबवान वस्ती हे आमची." ती हसली. "आता माझा नंबर."

मीही हसले. हसत हसत शेजारी मिसळ खायला गेले, आणि तिच्या बोलण्याच्या नादात पाव चावताना ओठ चावला. वरचा. रक्त आलं. जीभ आपोआप तिकडे गेली, आणि जिभेला ते लागलं. मऊ. दुभंगलेलं. फाटलेल्या साईसारखं.

समोर मिसळीचा तर्रीवाला रस्सा तसाच राहिला. माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट मी टेबलाच्या कडेला पुसत होते, पुसत होते, हे मला वेटरने "काय झालं मॅडम" विचारल्यावर कळलं. ओठ आतून दातावर दाबला गेला तर असा फाटतो. झोपेत आपोआप नाही फाटत. बाहेरून कोणीतरी दाबावा लागतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तिन्ही प्रेतं जळाली. डॉक्टरचे दाखले आहेत. एकीच्या कागदावर तुमची सही आहे. आणि पुरावा काय, तुमचं बोट?"

"हो, साहेब."

"तपासाला बोटासाठी माणूस देता येत नाही, बाई."

मी रजा टाकली आणि साध्या लुगड्यात त्या तीन घरांत जाऊन बसून आले. पोलीस म्हणून नाही, कमलताईला हळद लावणारी म्हणून. सगळीकडे तेच ऐकलं. बाई दमलेली, आजाऱ्यामुळे झोप नाही. दुपारी मावशी आली, काढा करून दिला, म्हणाली, पड, मी आहे. बायजाक्काची सून तर मावशीचं नाव निघताच हात जोडून बसली. मी विचारलं, आजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या कुठे ठेवायचात? तिने फळीकडे बोट केलं. "शेवटी शेवटी लवकर सरायच्या," म्हणाली. "मावशीच द्यायची."

शेवटी सरूबाईकडे गेले. तिला बाजारातून बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. विचारलं, "मावशी तुझ्याकडे यायला लागली का?"

तिचा हात दोऱ्यावर थांबला. "आठ दिस झाले."

"सरूबाई, माझं ऐक. तिच्या हातचं काही घेऊ नकोस."

"मावशी मला आईच्या जागी हे," ती म्हणाली. "तिला काय भोगायला लागलं, तुम्हाला नाय माहीत. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसलं. घरच्या लग्नात तिला चुलीमागं बसवायचे. हळद लागत असताना भिंतीकडं तोंड करून. आजपन कोनी बोलवत नाय, मेलं कोन तरच बोलवतात." तिने अर्धा गजरा ओढून गाठ मारली. मग म्हणाली, "मंग आता काय करायचं?"

"उद्या दुपारी तुझ्या जागी मी झोपते. तू मागच्या पडवीत दाराआड थांब. मी हाक मारली की ये."

तिने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं, ती मला तेव्हा वाचता आली नाही. "झोपा," ती म्हणाली.

आता लिहायला बसल्यावर त्या बेताकडे बघते तर हसावं की डोकं धरावं कळत नाही. सोबत माणूस नाही, ठाण्यात सांगितलेलं नाही, हत्यार म्हणून कमरेला भिंग. पण मला वाटत होतं, आपण फार मोठा सापळा लावला आहे.

दुपारी दोन. खिडकीला गोणपाट. रामदास खाटेवर, त्याला सरूबाईने कानात सांगितलेलं. खाली सतरंजीवर मी, सरूबाईचं लुगडं नेसून, भिंतीकडे तोंड, कानापर्यंत गोधडी. मावशीने पुढच्या दारात सरूबाईला काढा दिला, सरूबाई तो घेऊन आत आली, मोरीत ओतला आणि पडवीत गेली. मग अनवाणी पावलं. मावशी खाटेशी बसली. चमच्याचा आवाज, आणि ती रामदासशी बोलतेय, लहान मुलाशी बोलावं तसं. पेज संपली. पावलं माझ्याकडे आली. मी श्वास लांब केला.

ती माझ्या पायाशी बसली, पाय मांडीवर घेतले आणि तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीने घासायला लागली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ही मी कोर्टातही दिलेली नाही. मी झोपले. खरीखुरी. माझ्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झालेली आणि सतरा वर्षांत माझ्या तळव्यांना कोणी हात लावला नव्हता. वाटी गोल फिरत होती, फुलांचा थंड वास येत होता, लांब मोटार घरघरत होती, आणि तपासासाठी आलेली डीबीची हुशार बाई घोरायला लागली.

जाग आली ती काळोखात. तोंडावर दुमडलेलं काहीतरी जाड, निशिगंधाच्या वासाचं. छातीवर गुडघा. त्या म्हातारीत एवढं बळ असेल असं कोणाला वाटलं नसतं. हात गोधडीत अडकलेले. मी ओरडले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. आणि कानाशी, अगदी जवळ, मावशीचा आवाज, मायेचा, घाई नसलेला. "झालं, झालं. एवढंच हे. झालं बाई."

ओठात दात शिरला. तेव्हा कमलताई मला जेवढी कळली, तेवढी कागदावर कधीच कळली नव्हती. लांब कुठेतरी लोखंडावर काहीतरी वाजलं. मग दार, मग उजेड. सरूबाई मावशीला कमरेला धरून मागे ओढत होती. खाटेवर रामदास, हातात स्टीलचा पेला, खाटेच्या लोखंडी पट्टीला लावलेला, धापा टाकत.

मावशी भिंतीला टेकून बसली. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"अगं बया. तू व्हय." मग पुढे वाकून तिने माझा विसकटलेला पदर सारखा केला. "तुझे मालक बरे हैत ना?"

"बरे आहेत," मी म्हणाले. का उत्तर दिलं, देव जाणे.

"मंग तू कशाला मधी आलीस?" तिच्या आवाजात राग नव्हता. वाटेत कोणीतरी चुकून आडवं आलं, एवढंच. "हिच्यासाठी व्हतं ते. आता चार दिसात हिचं कपाळ पुसतील. मंग बघ तू, हिला कोन बोलवतंय ते."

ठाण्यात तिने तिघींचंही सांगितलं, काही नाकारलं नाही. पण पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, आणि राख बोलत नाही. शिक्षा झाली ती माझ्यावरच्या हल्ल्याची. माझ्या फाटलेल्या ओठाचा डॉक्टरी दाखला होता, म्हणून. साहेब मला म्हणाले, "बाई, यापुढे तुमच्या बोटाला माणूस देऊ." त्यांना तो विनोद वाटला होता. तुरुंगातही मावशी आजारी बायकांना पेज भरवायची असं ऐकलं. तिथल्या अधिकारी बाईंना मी लगेच फोन केला. पेज भरवण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. पुढे ती तिथेच गेली.

कमलताई, बायजाक्का आणि चंपाबाई यांच्या कागदांवर आजही हृदयक्रिया बंद पडून असंच लिहिलेलं आहे. एकीच्या कागदाखाली माझा नागोबा आहे. त्यानंतर मी सही साधी केली.

निकालानंतर नांदगावला जाऊन कमलताईच्या भावाला सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. त्याने आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिच्या पाया पडला ना, ते मी दारातून बघितलं होतं. डॉक्टरवर माझा विश्वास नव्हता. तुमच्यावर बसला, तो त्यामुळे." मी पाणी पिऊन आले. माझ्या साऱ्या नोकरीत एवढी खरमरीत उलटतपासणी कोणत्या वकिलाने घेतली नाही.

माझे हे अजून ठणठणीत आहेत. आता शेजारी बसून माझं शुद्धलेखन तपासत आहेत आणि 'झोपले' या शब्दाशी आल्यावर मघापासून हसत आहेत. मी त्यांना म्हटलं, तळवे चोळायला शिकला असता तर खात्याची एवढी बेअब्रू झाली नसती.

रामदास त्या दुपारनंतर अकराव्या दिवशी गेला. सरूबाई आता आजी आहे. बाजारात सुना बसतात, ती घरी माळा करते. लेख लिहायचं ठरल्यावर यंदा दसऱ्याच्या आधी तिला विचारायला गेले. खोलीभर झेंडू पसरलेला. मावशीचं म्हणणं एका अर्थी खरं ठरलं होतं. पुतणीच्या हळदीला हिला कोणी पुढे बोलावलं नाही. मग ही न बोलावता गेली आणि नवरीच्या शेजारी जाऊन बसली. कोणाची उठवायची हिंमत झाली नाही, असं तिच्या सुनेने मला हसत सांगितलं.

"लिहा," सरूबाई म्हणाली. "नाव बदला तेवढं." सून उठून आत गेल्यावर ती दाभण ओवत म्हणाली, "आन लिहितच असाल तर पुरं लिहा. मावशी इचारून करायची."

मला कळलं नाही.

"तिनं मला इचारलं व्हतं. तुम्ही बाजारात आलात त्याच्या दोन दिस आधी. 'सरू, तुला पुढं जायचंय का? कळणारबी नाय.' मी हो म्हटलं."

दाभण फुलांतून जात होता, येत होता.

"बाकीच्यांनाबी इचारलं असंल," ती म्हणाली. "त्याबी हो म्हटल्या असतील. आमच्यात कोन नाय म्हनंल?"

"मग मला तुझ्या जागी का झोपू दिलंस?"

"तुम्ही म्हणत व्हतात ना, सापळा, सापळा. म्हटलं, बघू तरी कसं असतंय. मावशी म्हणायची, झोपेतच सुटतंय मानूस." तिने एक पिवळं फूल हातात घेतलं, देठ खुडला. "तुम्ही गोधडीत पाय झाडत व्हता. टाचा भुईवर आपटत व्हत्या. मी दाराच्या फटीतून बघितलं."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की पेल्याचा आवाज झाला आणि सरूबाई धावून आली. तसंच मी कोर्टात सांगितलं.

"पेला एकदा वाजला, मग तू आलीस," मी म्हणाले.

"तुम्हाला एकदा ऐकू आला. त्यानं चार येळा वाजवला."

मोटार चालू नव्हती. दुपारची वेळ, वस्ती झोपलेली. मी ज्या आवाजात आयुष्यभर संशयितांना प्रश्न विचारले, तो आवाज शोधला, तर तो सापडेना.

"किती वेळ बघत होतीस, सरूबाई?"

तिने माळेला गाठ मारली, दोरा दाताशी नेला आणि तोडला.

"हो म्हटलेलं मागं घ्यायला लागला, तेवढा," ती म्हणाली, आणि पुढची माळ ओवायला घेतली.